लोणार पाहण्याची मापे

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर दुरून दिसत नाही. बेसाल्टच्या माळावरून येणाऱ्या वाटसरूला किंचित उंचावलेला काठ चढेपर्यंत पलीकडे काय आहे याची पुसटशीही चाहूल लागत नाही. आणि काठावर पाऊल पडताच मान थोडी इकडून तिकडे फिरवली की सुमारे अठराशे तीस मीटर व्यासाचे आणि दीडशे मीटर खोलीचे ते संपूर्ण विवर, आतल्या रानासह, पाण्यासह आणि कमळजादेवीच्या देवळासह, दृष्टीच्या एका आवाक्यात येते. उघड्या डोळ्याला हे जे विनासायास साधते ते कागदावर आणि पुढे काचेच्या पडद्यावर साधावे म्हणून दोन शतके जी खटपट झाली, तिचा वृत्तांत आज मॉनिटर विकत घेऊ पाहणाऱ्याच्याही उपयोगी पडण्यासारखा आहे.

पुराणपरंपरेने या स्थळाला विरजाक्षेत्र मानून तेथे लवणासुराचा वध पाहिला. अबुल फजलच्या 'आईन-इ-अकबरी'त त्याच स्थळाचा उल्लेख आला तो काच व साबण यांस लागणाऱ्या द्रव्यांचे ठिकाण म्हणून, म्हणजे महसुलाच्या अंगाने. दोघांनाही आकृतीची गरज नव्हती. १८२३ साली, वऱ्हाड निजामाच्या अंमलाखाली असताना, अलेक्झांडर नावाचा एक इंग्रज अधिकारी येथे आला आणि युरोपीय विद्वानांच्या दप्तरात लोणारची नोंद पडली. योगायोग असा की, त्याच वर्षाच्या जानेवारीत विल्यम लॅम्बटन हा त्रिकोणमितीय मोजणीचा आद्य पुरुष वऱ्हाडाशेजारी हिंगणघाट येथे मरण पावला. दक्षिणेतून अठ्ठ्याहत्तराव्या रेखांशाच्या आसपास वर सरकत आलेली त्याची त्रिकोणांची रांग लोणारपासून सुमारे दीडशे किलोमीटर पूर्वेस होती. म्हणजे ज्या वर्षी कुतूहल लोणारच्या काठाशी आले त्या वर्षी मोजमाप अद्याप वाटेवर होते.

१८५३ च्या तहाने वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे गेला आणि त्यानंतर मुंबई इलाख्याच्या धर्तीवर येथे जमीनमोजणी व जमाबंदी झाली. या पद्धतीची साखळी तेहतीस फुटांची, तिचे भाग सोळा, आणि प्रत्येक भागास नाव आणा. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद अशी जमीन म्हणजे एक गुंठा. हा आणा दोन फुटांहून किंचित मोठा भरतो. मोजणीदाराच्या टिपणात याहून बारीक काही मांडण्याचे कारणच नव्हते, कारण दोन शेतांच्या सरहद्दीचा तंटा तेवढ्याने मिटत असे आणि जमिनीवर महसुलाचा आकार बसवण्यासही तेवढे पुरत असे. मला या व्यवस्थेविषयी आदर वाटतो तो एवढ्याचसाठी, की तिने सूक्ष्मतेचा हव्यास न धरता कामाला पुरेल एवढी सूक्ष्मता आधी ठरवली आणि साखळी मग घडवली. आज पडद्यांच्या धंद्यात नेमका उलटा क्रम चालतो.

स्थलवर्णनाचे नकाशे निघाले ते एका इंचास एक मैल या प्रमाणाने, आणि त्यांत लोणारचे विवर सव्वा इंचाहूनही लहान झाले. तेवढ्यातही त्याचे वाटोळेपण स्पष्ट दिसे. परंतु वाटोळेपण ज्वालामुखीलाही असते, आणि एकोणिसाव्या शतकातील भूशास्त्रज्ञांनी लोणारचे खापर पुष्कळसे ज्वालामुखीवरच फोडले. वादाचा निकाल लागला तो १९७३ साली, फ्रेडरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विवराच्या तळाशी छिद्रे पाडून काढलेल्या खडकांत प्रचंड आघाताने काचरूप झालेली खनिजे दाखवली तेव्हा. ते काम सूक्ष्मदर्शकाचे होते. नकाशा कितीही मोठा काढला असता तरी त्याच्याने ते होण्याजोगे नव्हते.

त्याच्या आदल्याच वर्षी, १९७२ च्या जुलैत, अमेरिकेचा पहिला लॅण्डसॅट उपग्रह कक्षेत गेला. त्याच्या चित्रातला एक पिक्सेल, म्हणजे एक चित्रबिंदू, जमिनीवरचे सुमारे ऐंशी मीटर व्यापी. त्या हिशेबाने अवघे लोणार आडव्या रेषेत तेवीस बिंदूंचे. गावातले दैत्यसूदनाचे देऊळ, ज्याच्या शिल्पांसाठी जाणकार लांबून येतात, ते अर्ध्या बिंदूएवढेही भरले नसते. १९८८ साली भारताचा आयआरएस-१ए गेला, त्याच्या अधिक बारीक कॅमेऱ्यात विवर पन्नास बिंदूंचे झाले. १९९५ च्या आयआरएस-१सी उपग्रहाने बिंदू पावणेसहा मीटरांवर आणला आणि विवर तीनशेच्या पुढे गेले. २००५ च्या कार्टोसॅट-१ ने तो अडीच मीटरांवर आणला आणि विवर सातशे तीस बिंदूंचे झाले.

येथे गोष्ट पडद्याशी येऊन मिळते. त्या काळी कचेऱ्यांतून आणि महाविद्यालयांतून जे मॉनिटर सर्रास दिसत त्यांत आडवे एक हजार चोवीस आणि उभे सातशे अडुसष्ट बिंदू असत. म्हणजे कार्टोसॅटच्या चित्रातले लोणार, त्यातला एकही बिंदू न गाळता, त्या पडद्यावर वरखाली बोटभर जागा राखून मावत होते. ही सुखाची अवस्था फार काळ टिकली नाही. २००७ च्या कार्टोसॅट-२ ने बिंदू एका मीटराच्याही आत आणला, विवर अठराशेच्या वर गेले, आणि आज घरोघरी असलेला एक हजार ऐंशी ओळींचा पडदाही त्याला अपुरा ठरतो.

अशा वेळी ग्राहक मोठा पडदा मागतो, आणि बाजारही त्याला इंचांतच उत्तर देतो. वस्तुतः हे इंच कर्णावर मोजलेले असतात. ते काचेचा विस्तार सांगतात, चित्राची समृद्धी सांगत नाहीत. चोवीस इंची पडद्यावर एक हजार नऊशे वीस गुणिले एक हजार ऐंशी बिंदू असले तर प्रत्येक बिंदू ०.२८ मिलिमीटरचा होतो, आणि तेवढेच बिंदू सत्तावीस इंचांत पसरले की ०.३१ मिलिमीटरचा; लोणारचा एक झुडुपाएवढाही भाग अधिक दिसत नाही, जे आहे तेच जाडेभरडे होते. उलट सत्तावीस इंचांतच तीन हजार आठशे चाळीस गुणिले दोन हजार एकशे साठ बिंदू, म्हणजे ज्याला बाजारात फोर-के म्हणतात ते, कोंबले तर बिंदू ०.१६ मिलिमीटरचा होतो. आणि साठ सेंटिमीटरांवरून पाहणाऱ्या निकोप दृष्टीच्या मनुष्यालाही सुमारे ०.१७ मिलिमीटरांखालचे अंतर वेगळे ओळखता येत नाही. म्हणजे तेथे मोलाने घेतलेले काही बिंदू डोळ्यापर्यंत पोचतच नाहीत, आणि अक्षरे एवढी बारीक होतात की संगणकाला सांगून ती पुन्हा मोठी करून घ्यावी लागतात.

बिंदू थोडे असले म्हणून चित्र निरुपयोगी होते, असे मात्र कोणी समजू नये. २०२० च्या जूनमध्ये सरोवराचे हिरवे पाणी एकाएकी गुलाबी झाले. २५ मे आणि १० जून या दोन दिवसांची लॅण्डसॅट-८ ची चित्रे शेजारी शेजारी ठेवली गेली आणि तो पालट जगाने पाहिला. त्या चित्रांतला बिंदू तीस मीटरांचा, म्हणून सव्वा किलोमीटर रुंदीचे सगळे पाणी जेमतेम चाळीस बिंदूंत सामावलेले होते. रंगाच्या प्रश्नाला चाळीस बिंदू पुरले. तो रंग कोणाचा, याचे उत्तर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासून दिले: क्षारप्रिय सूक्ष्मजीवांचा.

आता ज्याला लोणारचा परिसर शिकवायचा वा अभ्यासायचा आहे, त्याच्या मेजाचा विचार करू. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे पत्रक अक्षांश-रेखांशांच्या पंधरा पंधरा मिनिटांचे असते; या अक्षांशावर ते सुमारे पंचावन्न सेंटिमीटर उंच आणि बावन्न सेंटिमीटर रुंद भरते. नकाशावरची बारीक रेघ पाव मिलिमीटरची धरली तर ते सगळे मांडण्यास उभे बावीसशे बिंदू लागतात, म्हणजे फोर-के पडद्याच्याही किंचित वर. बिंदू तितकेच, पाव मिलिमीटरचेच हवे असतील तर फोर-के पडदा त्रेचाळीस इंचांचा घ्यावा लागतो. त्याची उंची साडेत्रेपन्न सेंटिमीटर आणि रुंदी पंचाण्णव. मोजणी खात्यातल्या जुन्या मेजाच्या सर्वांत जवळ येणारा पडदा माझ्या मते हाच, आणि लोणारपुरता त्याचा आणखी एक फायदा आहे. ७६ अंश ३० मिनिटांचा रेखांश विवराच्या पश्चिम काठाला जवळजवळ खेटून जातो आणि विसावा अक्षांश उत्तरेस तीन किलोमीटरांच्या आत आहे. त्यामुळे लोणार आपल्या पत्रकाच्या अगदी वायव्य कोपऱ्यात पडले आहे, आणि पश्चिमेकडचा मुलूख पाहायचा म्हटला की दुसरे पत्रक जोडावे लागते. रुंद पडद्यावर त्या शेजारच्या पत्रकाचा त्रेचाळीस सेंटिमीटरांचा पट्टा आपोआप येऊन बसतो. उत्तरेकडचे मात्र तेथेही सरकवूनच आणावे लागते.