सर्पगंधेची मुळी

हिमालयाच्या पायथ्याची तराई, आसामची ओलसर अरण्ये आणि सह्याद्रीचे पश्चिम उतार यांवर, मोठ्या वृक्षांच्या सावलीत एक लहानसे झुडूप उगवते. उंचीने ते बहुधा गुडघ्याच्या फारसे वर जात नाही. तीन-तीन पानांची वर्तुळे, तांबूस देठांवरचे पांढऱ्या-गुलाबी फुलांचे घोस आणि पिकल्यावर काळीभोर दिसणारी चकचकीत फळे, एवढेच त्याचे ऐश्वर्य. कण्हेर आणि सदाफुली ही त्याच्याच कुळातली. वाटसरूने थांबून पाहावे असे त्यात काही नाही. त्याचे सारे महत्त्व जमिनीखाली आहे. वेडीवाकडी, मातकट रंगाची आणि चवीला विलक्षण कडू अशी त्याची मुळी हीच त्याची कीर्ती.

संस्कृत ग्रंथांनी या वनस्पतीला सर्पगंधा म्हटले. हिंदी प्रदेशात ती छोटा चांद झाली, बंगालमध्ये चंद्र. बिहारच्या खेड्यांतून मात्र तिची ओळख एका रोखठोक नावाने होती : ‘पागल की दवा’. सर्पदंश आणि चित्तभ्रम, या दोन संकटांशी तिचे नाव असे जोडले गेले. पहिल्या बाबतीतली तिची कीर्ती शास्त्राच्या कसोटीला उतरली नाही. दुसऱ्या बाबतीत मात्र खेडुतांच्या अनुभवाने विसाव्या शतकातल्या वैद्यकाला एक नवे दालन उघडून दिले.

युरोपीय विद्वानांचे लक्ष प्रथम गेले ते सर्पाकडेच. 1563 साली गोव्यात छापलेल्या आपल्या संवादग्रंथात पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने सापाच्या विषावर चालणाऱ्या काष्ठांचे वर्णन केले आहे. त्यांपैकी एक सर्पगंधा असावी, असे अभ्यासक मानतात. पुढे लिनियसने तिला ‘ऑफिऑक्सिलॉन’, म्हणजे सर्पकाष्ठ, असेच नाव दिले. आज रूढ असलेले ‘राउवोल्फिया’ हे नाव मात्र एका योगायोगाचे फळ आहे. लिओनहार्ट राउवोल्फ हा आउग्सबुर्गचा वैद्य 1573 साली पूर्वेकडील वनस्पतींच्या शोधार्थ निघाला आणि अलेप्पोवरून बगदादपर्यंत पोचला. पण भारताचा किनारा त्याने कधी पाहिला नाही. त्याच्या स्मरणार्थ प्लुमिए या फ्रेंच वनस्पतिज्ञाने 1703 साली अमेरिकेतल्या काही झाडांना ते नाव दिले, आणि पुढे सर्पगंधाही त्याच प्रजातीतली ठरली. अशा रीतीने भारतातल्या मुळीला भारतात न आलेल्या पुरुषाचे नाव मिळाले.

खऱ्या संशोधनाला आरंभ झाला तो 1931 साली, आणि तोही एकाच वेळी दोन नगरांत. कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी या मुळीवर एक निबंध प्रसिद्ध केला. गणनाथ सेन हे आयुर्वेद आणि पाश्चात्त्य वैद्यक या दोन्ही विद्यांत पारंगत होते. मुळीचे 20 ते 30 ग्रेन चूर्ण, म्हणजे सुमारे दीड-दोन ग्रॅम, दिवसातून दोनदा दिल्यास प्रक्षुब्ध मनोरुग्ण शांत होतो, त्याला झोप लागते आणि रक्तदाबही उतरतो, असे त्यांनी नोंदविले. सर्वच रुग्णांना सारखा गुण येत नाही, हे सांगायलाही ते विसरले नाहीत. ज्या लोकविद्येला शिकलेला समाज हसत होता, तिला या दोघांनी प्रथमच रुग्णाच्या खाटेपाशी नेऊन तपासले.

त्याच वर्षी दिल्लीत सलीमुझ्झमाँ सिद्दीकी आणि रफत हुसेन सिद्दीकी यांनी या मुळीतून पाच स्फटिकरूप अल्कलॉइडे वेगळी केली. हे काम तिब्बिया कॉलेजच्या संशोधनशाळेत झाले. ते विद्यालय हकीम अजमल खान यांनी उभे केले होते, आणि 1921 साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले होते. युनानी वैद्यकाचा हा थोर अभिमानी आपल्या औषधांची परीक्षा आधुनिक रसायनशाळेत व्हावी, असा आग्रह धरणारा होता; जर्मनीहून शिकून आलेल्या सलीमुझ्झमाँना त्यानेच या कामी लावले. 1927 साली हकीमसाहेब निवर्तले. फळ पाहायला ते उरले नाहीत. म्हणून शिष्याने त्या द्रव्यांपैकी एकाला ‘अजमलीन’ हे नाव देऊन ऋण फेडले.

परंतु येथे एक कोडे उभे राहिले. ही शुद्ध द्रव्ये प्राण्यांना देऊन पाहिली, तर मुळीचा शामक गुण त्यांत हवा तसा उतरत नव्हता. कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यक विद्यालयात रामनाथ चोप्रा आणि त्यांचे सहकारी 1933 पासून या प्रश्नामागे लागले होते. स्फटिके काढून घेतल्यावर जी चिकट राळ खाली उरते, तिच्यातही झोप आणणारा गुण आहे, असे भारतीय संशोधकांच्या ध्यानात आले. पण त्या राळेतून नेमके द्रव्य वेगळे काढण्याचे श्रेय मात्र पुढे परदेशाकडे गेले.

तोपर्यंत मुंबईत एक नवा अध्याय सुरू झाला होता. किंग एडवर्ड मेमोरियल रुग्णालयातले हृद्रोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील हे कित्येक वर्षे रक्तदाबाच्या रोग्यांना सर्पगंधा देत होते. त्या काळी वाढलेल्या रक्तदाबावर धड औषधच नव्हते. विश्रांती घ्या, मीठ सोडा, यापलीकडे वैद्य फारसे काही सांगू शकत नसत. आणि जे उपाय होते ते रोगाहून दुःसह होते. 1945 साली अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले, तेव्हा जगातल्या सर्वांत बलाढ्य राष्ट्राच्या प्रमुखालाही या रोगापासून वाचविणारे साधन वैद्यांपाशी नव्हते. अशा काळात, 1949 साली, डॉ. वकील यांनी 50 रुग्णांवरील अनुभव ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केला. बहुतेकांचा रक्तदाब मंद गतीने पण निश्चित उतरला होता. हा निबंध इंग्लंड-अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या हाती पडला आणि चमत्कार झाला : भारतातल्या वैद्यांना शतकानुशतके ठाऊक असलेली गोष्ट जगाला एकाएकी ‘कळली’.

बोस्टनमध्ये रॉबर्ट विल्किन्स यांनी ही मुळी रुग्णांना देऊन पाहिली. तिने रक्तदाब तर उतरलाच, शिवाय रुग्णांच्या मनावरचा ताणही हलका झाला, असे त्यांना दिसले. 1952 साली स्वित्झर्लंडमधल्या बाझेल नगरीत, सीबा कंपनीच्या प्रयोगशाळेत, म्युलर, श्लिटलर आणि बाइन यांनी त्या दुर्लक्षित राळेतूनच मुख्य शामक द्रव्य वेगळे काढले. त्याला त्यांनी ‘रिसर्पिन’ असे नाव दिले. पुढच्याच वर्षी अहमदाबादच्या डॉ. हकीम यांनी मनोरुग्णांवर केलेल्या प्रयोगांचे वृत्त ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये छापून आले, आणि त्याने नेथन क्लाइन या तरुण मनोरोगतज्ज्ञाची उत्सुकता जागी केली. न्यूयॉर्कजवळच्या रॉकलंड येथील शासकीय मनोरुग्णालयात त्यांनी शेकडो रुग्णांना हे औषध दिले आणि 1954 साली निष्कर्ष मांडले. औषधाचा गुण त्या इमारतीच्या तावदाने बसविणाऱ्या कारागिरानेच आधी ओळखला, अशी एक गोष्ट सांगतात. फुटलेल्या काचा बदलण्याचे त्याचे काम एकाएकी कमी झाले होते! ज्या संस्थांत पट्टे, कुलपे आणि कोठड्या हेच उपाय होते, तिथे औषधाने मन शांत होऊ शकते ही कल्पना रुजली. पॅरिसमध्ये 1952 साली वापरात आलेले क्लोरप्रोमाझिन आणि भारताच्या अरण्यातून निघालेले रिसर्पिन, या दोन औषधांनी आधुनिक मनोवैद्यकाचा पाया घातला. 1957 साली अमेरिकेतले मानाचे लास्कर पारितोषिक ज्यांना मिळाले, त्यांत क्लाइन होते आणि मुंबईचे डॉ. वकीलही होते.

कथा इथेच संपली असती, तर ती केवळ अभिमानाची कथा झाली असती. पण तिची दुसरी बाजू अधिक बोधप्रद आहे. रिसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांवर उदासीनतेची काळी छाया पसरू लागली. काहींच्या हालचाली मंदावल्या, हातपाय ताठरले. असे का व्हावे? मज्जातंतूंच्या टोकांशी संदेश वाहणारी द्रव्ये कणगीत धान्य भरावे तशी साठवलेली असतात; रिसर्पिन ही साठवणच होऊ देत नाही आणि हळूहळू कणगी रिकामी होते. 1957 साली स्वीडनमध्ये आर्विड कार्लसन यांनी रिसर्पिनने निश्चेष्ट झालेल्या सशांना एल-डोपा देऊन पुन्हा हिंडते-फिरते केले. मेंदूतल्या डोपामीनचे महत्त्व त्यातून उमगले, कंपवाताच्या उपचाराचा मार्ग मोकळा झाला, आणि 2000 साली कार्लसन नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले. म्हणजे मुळीच्या गुणांनी जितके दिले, तितकेच तिच्या दोषांनीही दिले!

पुढे अधिक सौम्य औषधे आली आणि रिसर्पिन मागे पडले. आज डॉक्टर ते क्वचितच देतात, आणि देतात तेव्हा दिवसाला पाव मिलिग्रॅमहून अधिक सहसा देत नाहीत. प्रारंभी याहून पुष्कळ मोठ्या मात्रा दिल्या जात, आणि पुष्कळशी हानी त्या अतिरेकाची होती. वनस्पती निसर्गातली आहे म्हणून ती निरुपद्रवी, असे मानणाऱ्यांनी हा इतिहास ध्यानात ठेवण्यासारखा आहे. जी मुळी क्षुब्ध मनाला निववू शकते, तीच खिन्न मनाला अधिक खोल लोटू शकते. औषध आणि विष यांतले अंतर मात्रेचे आणि विवेकाचे असते. आपल्या जुन्या वैद्यांनी हे ओळखले होते, आणि म्हणूनच मुळी देण्यापूर्वी ते रोग्याची प्रकृती पाहत.

या सर्व कीर्तीची किंमत कोणी मोजली? ती त्या झुडपाने मोजली. जगभरातून मागणी आली आणि अरण्ये खणली गेली. पान खुडले तर झाड पुन्हा पालवते; मूळ उपटले की झाडच संपते. सर्पगंधेची मुळी औषधाजोगी व्हायला दीड-दोन वर्षे लागतात, आणि तिचे बीजही मोठ्या प्रमाणावर रुजत नाही. कारखान्यांनी आफ्रिकेतल्या तिच्या भगिनीकडे मोर्चा वळविला, तरी इथली लूट थांबली नाही. बाजारात तिच्या नावाने दुसऱ्याच जातीची मुळे विकली जाऊ लागली. अखेरीस 1990 साली दुर्मिळ जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या सूचीत तिचे नाव घालावे लागले.

ज्या मुळीने असंख्य अस्वस्थ जिवांना निवांतपणा दिला, तिच्याच वाट्याला निवांतपणा येऊ नये, हा दैवदुर्विलास खरा. तिच्यावरचे उपकार फेडायचे, तर स्तुतिस्तोत्रे पुरेशी नाहीत. शेताच्या बांधावर आणि बागेच्या सावलीत तिची लागवड व्हायला हवी, आणि अरण्यातल्या तिला अरण्यातच राहू द्यायला हवे.