पत्ता बदलला, पत्रांचं काय?

माणूस जन्मभर एकाच घरात राहिला तरी त्याचा पत्ता बदलू शकतो, हे आम्हा अहमदपूरकरांना वेगळं सांगावं लागत नाही. निजामाच्या राजवटीच्या अखेरीस आमचा तालुका बीदर जिल्ह्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. बीदर म्हैसूर राज्यात गेलं आणि त्याचे अहमदपूर, उदगीर, निलंगा हे तालुके मुंबई राज्यात, उस्मानाबाद जिल्ह्यात आले. १९६० साली महाराष्ट्र झाला. १६ ऑगस्ट १९८२ रोजी लातूर जिल्हा झाला. आणि २०२३ साली खुद्द उस्मानाबादचं नाव धाराशिव झालं. आमच्या आजोबांचं घर मात्र होतं तिथंच राहिलं.

नुसता पत्ताच नव्हे, पत्र पोचवणारं खातंही बदललं. हैदराबाद संस्थानाचं स्वतःचं टपाल खातं होतं आणि १८६९ सालापासून स्वतःची तिकिटंही होती. १९५० साली हे खातं भारतीय टपाल खात्यात विलीन झालं. घरातल्या पत्र्याच्या पेटीत आजोबांची जुनी पत्रं आहेत. काहींवर ‘जिल्हा बीदर’ आहे, काहींवर ‘जिल्हा उस्मानाबाद’. जिल्हा बदलल्यानंतरही कित्येक नातेवाईक सवयीनं बीदरच लिहीत. तरी पत्र यायचं, कारण पोस्टमनला गाव ठाऊक होतं आणि घरही. पुढं १५ ऑगस्ट १९७२ पासून पिन कोड आला. त्याची कल्पना श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी, संस्कृतज्ञ अधिकाऱ्याची. तो आल्यावर जिल्ह्याचं नाव चुकलं तरी सहा आकडे पत्राला वाट दाखवू लागले.

हे सगळं मला नव्यानं आठवलं ते २००८ साली, घरातलं इंटरनेट एका कंपनीकडून दुसऱ्या कंपनीकडं नेलं तेव्हा.

आपल्या देशात सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगमामार्फत. त्याआधी मुंबईची एनसीएसटी, आयआयटी अशा मोजक्या संस्थांमधले संशोधक ‘अर्नेट’ या जाळ्यावरून ईमेल पाठवत होते. १९९८ साली खासगी कंपन्यांनाही परवानगी मिळाली. त्या काळी जोडणी घेतली की कंपनी एक ईमेल खातंही द्यायची. पत्त्यात आधी आपलं नाव, मग ‘ॲट’चं गोल चिन्ह आणि मग कंपनीचं नाव. हे चिन्ह १९७१ साली रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्यानं निवडलं. चिन्हाच्या अलीकडं माणूस, पलीकडं त्याचं टपाल सांभाळणारा संगणक, अशी साधी मांडणी. त्या पलीकडच्या नावात काय दडलं आहे, ते माझ्या तेव्हा ध्यानात आलं नाही.

नवी जोडणी सुरू झाली आणि गंमत अशी, की जुन्या पत्त्यावर पत्रं येत होती, पण जात नव्हती. पाठवायला गेलं की पडद्यावर नकार. पासवर्ड तपासला, तारा तपासल्या, संगणक बंद करून पुन्हा सुरू केला. शेवटी गावातल्या सायबर कॅफेतल्या पोरानं उलगडा केला. ‘चाचा, येणारं टपाल आणि जाणारं टपाल यांचे संगणक वेगळे असतात,’ तो म्हणाला.

गोष्ट खरी होती. येणारी पत्रं आपण नाव आणि पासवर्ड सांगून आपल्या पेटीतून काढून आणतो. कुठूनही विचारलं तरी पेटी उघडते. जाणाऱ्या पत्राचं तसं नव्हतं. पूर्वी जगातले बहुतेक टपाल-संगणक कुणाचंही पत्र मुकाट्यानं पुढं पाठवत. १९९० नंतरच्या दशकात जाहिरातबाजांनी त्याचा फायदा घेऊन लाखो लोकांच्या पेट्या नको त्या पत्रांनी भरल्या. मग कंपन्यांनी दारं लावून घेतली. पत्र आपल्याच जोडणीवरून आलं तर घ्यायचं, परक्या जोडणीवरून आलं तर परतवायचं. मी जुन्या कंपनीच्या दारात नव्या कंपनीच्या रस्त्यानं जात होतो. पोरानं जाणाऱ्या टपालाच्या रकान्यातलं जुनं नाव खोडून नव्या कंपनीच्या संगणकाचं नाव घातलं, आणि पत्र गेलं. याला दुसराही उपाय आहे. जाणाऱ्या पत्रासाठीही नाव-पासवर्ड विचारणारं ५८७ क्रमांकाचं वेगळं दार १९९८ सालीच ठरलं होतं. पण ते दार आपल्या कंपनीनं उघडलेलं असावं लागतं.

वाटलं, प्रश्न मिटला. काही महिन्यांनी शारजाहून थोरल्या भावाचा फोन आला. आमच्या घरी दखनी बोलतात. भाईजान म्हणाले, ‘‘अरे, मेरा खत वापस आरा. पता बदल्या क्या?’’

मी जुन्या जोडणीचे पैसे भरणं बंद केलं होतं. कंपनीनं रीतसर खातं बंद केलं आणि पत्ताही संपला. मी त्याच गावात, त्याच घरात, त्याच खुर्चीत बसलो होतो. पण जुना पत्ता लिहिलेलं पत्र माझ्यापर्यंत पोचवायला आता कुणी बांधील नव्हतं. १९५० साली नव्या टपाल खात्यानं जुन्या खात्याची जबाबदारी उचलली होती. इथं तशी जबाबदारी कुणावरच नव्हती. मोबाइलच्या बाबतीत पुढं ही अडचण दूर झाली. २० जानेवारी २०११ पासून देशभर कंपनी बदलली तरी क्रमांक तोच ठेवता येऊ लागला. ईमेलला ते जमत नाही, कारण पत्त्यातच कंपनीचं नाव असतं. फ्रान्ससारख्या देशात जोडणी सोडल्यावरही सहा महिने जुनी पेटी उघडता यावी असा नियम आहे. आपल्याकडं ज्याची त्यानंच काळजी घ्यायची.

भाईजानना नवा पत्ता कळवला आणि मी जुनं खातं विसरलो. २०१४ साली भाईजान गेले. तेव्हा आठवण झाली, की २००२ ते २००८ या सहा वर्षांतली त्यांची सगळी पत्रं त्या बंद खात्यावर आली होती. कित्येक रात्री झोप लागली नाही. आजोबांची पत्रं पत्र्याच्या पेटीत शाबूत, आणि सख्ख्या भावाची पत्रं मी वर्गणीबरोबर सोडून दिली, असं वाटत राहिलं.

पुन्हा तोच पोरगा मदतीला आला. आता त्याचं दुरुस्तीचं दुकान आहे. त्यानं विचारलं, ‘तेव्हाचा कॉम्प्युटर आहे का?’ तो माळ्यावर होता. त्या काळची रीत अशी होती, की पत्र कंपनीच्या पेटीतून घरच्या संगणकात उतरवून घेतलं जाई आणि पेटीतली प्रत सहसा पुसली जाई. एकाच संगणकावर पत्र वाचता येतं, दुसरीकडं दिसत नाही, म्हणून मी या रीतीला तेव्हा नावं ठेवायचो. तिनंच पत्रं वाचवली. पोरानं जुन्या संगणकातली डिस्क काढून दुसऱ्याला जोडली. दोनशेच्या वर पत्रं निघाली. देवनागरी टाइप करायची सोय नव्हती म्हणून भाईजान रोमन अक्षरांत मराठी लिहीत. त्यामुळं जुन्या फॉन्टचा घोळही आड आला नाही. बहुतेक पत्रांत सुरुवातीलाच विचारणा असे : मृग बरसला का? विहिरीला पाणी किती?

आज बहुतेकांचे पत्ते जोडणी देणाऱ्या कंपनीचे नसतात, गुगलसारख्यांचे असतात. जोडणी बदलली तरी ते टिकतात, ही सोयच. पण मालकी तिथंही आपली नाही. दोन वर्षं न उघडलेली वैयक्तिक खाती काढून टाकायला गुगलनं डिसेंबर २०२३ पासून सुरुवात केली आहे. म्हणून जोडणी बदलण्याआधी तीन कामं करावीत. जुनी पत्रं घरी उतरवून घ्यावीत. बँकेपासून नातेवाइकांपर्यंत सगळ्यांना नवा पत्ता कळवावा. आणि जुनं खातं काही महिने तरी चालू ठेवावं. गेलेल्या माणसाचं खातं असेल तर दुप्पट घाई करावी.

भाईजानची पत्रं मी छापून घेतली. ती आता आजोबांच्या पत्रांशेजारी, त्याच पेटीत ठेवली आहेत.

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)