बहुकोअर प्रोसेसर आणि वेब उपयोजने : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

मे २००४ मध्ये इंटेल कंपनीने 'तेजस' या नियोजित प्रोसेसरचे काम थांबविले. गती वाढविताना निर्माण होणारी उष्णता आटोक्यात राहीनाशी झाली होती. २००५ मध्ये इंटेल व एएमडी या दोन्ही कंपन्यांनी वैयक्तिक संगणकासाठी दोन कोअरचे, म्हणजे दोन स्वतंत्र गणनकेंद्रांचे, प्रोसेसर बाजारात आणले. तोवर नवा प्रोसेसर घेतला की जुना प्रोग्रॅम आपोआप जलद चाले. आता कामाची वाटणी प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या माथी आली.

वेब सर्व्हरला ही वाटणी तशी सोपी होती, कारण प्रत्येक विनंती बहुधा स्वतंत्र असते. अपाचे सर्व्हरच्या जुन्या पद्धतीत प्रत्येक जोडणीस वेगळी प्रोसेस मिळे. ती अनेक कोअरवर सहज पसरे. मात्र जोडण्या हजारोंनी वाढल्या की मेमरी अपुरी पडे. रायन डाल यांनी २००९ मध्ये मांडलेल्या नोड.जेएसने उलट मार्ग धरला. एकच थ्रेड हजारो जोडण्या सांभाळी, परंतु जावास्क्रिप्ट एकाच कोअरवर चाले व उरलेले कोअर बहुतांशी रिकामे राहत. २०११ च्या ०.६ आवृत्तीत आलेल्या 'क्लस्टर' या घटकाने अनेक प्रोसेसचा जुनाच उपाय परत आणला. फरक एवढाच की प्रोसेस आता जोडणीगणिक नव्हे, कोअरगणिक होती. नव्याचा गाजावाजा करणाऱ्यांनी हे फारसे बोलून दाखविले नाही.

खरी अडचण पुढेच होती. या प्रोसेसची मेमरी सामायिक नसते. एकीकडे लॉगिन केलेल्या वापरकर्त्याची पुढील विनंती दुसरीकडे गेली, तर तेथे त्याची ओळखच नसे. त्यामुळे सत्राची नोंद रेडिससारख्या बाहेरील सामायिक साठ्यात ठेवावी लागली. आणि ती एकदा बाहेर गेल्यावर पुढची प्रोसेस त्याच यंत्रावर आहे की दुसऱ्या, हा भेद उपयोजनापुरता उरला नाही.