उंदीर, वात आणि फुटबॉल

सव्वीस वर्षं मी पाण्याच्या पंपांच्या माहितीपुस्तिका मराठीत लिहिल्या. पंप विकत आणला की खोक्यात थर्माकोलच्या बाजूला सोळा पानांची जी पुस्तिका खोचलेली असते, ती. या कामावर नव्याने आलेली मुलंमुली मला विचारत, की तांत्रिक लेखन म्हणजे नक्की काय, आणि इतर लेखनाहून ते वेगळं कसं? उत्तरादाखल मी त्यांच्या हातात पुस्तिका देत नसे. शिवाजी महाराजांचं एक पत्र देत असे.

पत्र राज्याभिषेकाच्या आसपासच्या काळातलं. चिपळूणजवळ घोडदळाची छावणी पडलेली, पावसाळा तोंडावर आलेला. पत्र लिहिलंय जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना. अर्धं पत्र दाणावैरणीबद्दल आहे. साठा पावसाळाभर पुरेल अशा बेताने रोजचा शिधा घ्या. आत्ताच हवा तसा उधळलात तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी मरतील, मग तुमची माणसं कुणब्यांच्या घरात शिरून धान्य, गवत, लाकूडफाटा, भाजी उचलू लागतील आणि रयतेला तुमच्यापेक्षा मोगल बरे वाटतील. उरलेलं पत्र आगीबद्दल. गवताच्या गंजीजवळ कुणी चूल मांडेल, कुणी तंबाखू ओढायला विस्तव नेईल. हे कुणालाही सुचलं असतं. पुढचं मात्र प्रत्येकाला सुचत नाही: रात्री दिवा तसाच ठेवाल, तर उंदीर जळती वात ओढून नेईल. एक खण पेटला की सगळी छावणी पेटेल.

मी या उंदरापाशी दर वेळी थांबतो. एवढ्या मोठ्या राज्याचा व्याप डोक्यावर असलेला माणूस एका छावणीतल्या उंदरापर्यंत विचार करत जातो. तो थांबतो कुठे तेही बघण्यासारखं आहे. ‘आगीपासून सावध राहा’ एवढं लिहून त्याला काम संपलं असं वाटत नाही, कारण त्या वाक्याने हवालदाराला रात्री नेमकं काय करायचं ते कळत नाही. दिवा विझवायचा हे कळलं पाहिजे, आणि का विझवायचा हेही. कारण कळलं की माणूस सांगणारा समोर नसतानाही दिवा विझवतो.

याच्याशेजारी सभासदाची बखर ठेवून बघावी. कृष्णाजी अनंत सभासदाने ती जिंजीला राजाराम महाराजांसाठी लिहिली, 1690 च्या दशकात. तीही सरळ, नेटक्या मराठीत आहे. पण बखर ऐकणारा माणूस बसलेला असतो. कथा पुढे सरकते, तो ‘मग?’ म्हणतो. एखादा तपशील निसटला तरी त्याचं काही जळत नाही. पत्र ऐकणाऱ्याला मात्र उठून अंधार पडायच्या आत गंजीकडे जायचं असतं. माझ्या मते तांत्रिक लेखनाचं वेगळेपण वाचणाऱ्याच्या या उठण्यात आहे. पारिभाषिक शब्द, आकृत्या, क्रमांक घातलेल्या पायऱ्या या त्यानंतरच्या गोष्टी.

दुसरा नमुना रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राचा. हे साधारण 1715 चं, कोल्हापूरच्या गादीसाठी लिहिलेलं. राजनीतीचा ग्रंथ म्हणून त्याचा अभ्यास होतो आणि तो व्हायलाच हवा. मी मात्र त्यातलं किल्ल्यांचं प्रकरण आमच्या धंद्यातलं म्हणून वाचतो. गडावर पाणी आधी बघा. नसेल आणि जागा बांधणं भागच असेल, तर आधी खडक फोडून टाकी करा. झरा आहे म्हणून एका झऱ्यावर विसंबू नका, कारण लढाईत तोफांच्या आवाजाने झरे आटतात आणि पाण्याचा खर्च तेव्हाच वाढलेला असतो. गडाला एकच दरवाजा ठेवणं ही चूक. रस्ते झाडून निघालेला केर गडाखाली लोटू नका. जागच्या जागी जाळा, राख परसात टाका, तिच्यावर भाजी करा.

दारूखान्याची कलमं तर मी नवीन मुलांकडून मोठ्याने वाचून घेत असे. दारूखाना राहत्या घरांपासून लांब हवा. आतला माल आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः हजर राहून बाहेर काढावा, ऊन द्यावं, परत ठेवून मोहोर करावी. राखणीला रात्रंदिवस माणसं हवीत, परवानगीशिवाय आसपास कुणी फिरकता कामा नये. किती दिवसांनी, कुणी, काय, आणि झाल्यावर शेवटी काय, असे चारही प्रश्न इथे मिटतात. आजच्या देखभालीच्या तक्त्यात याहून वेगळे रकाने नसतात. राजाराम महाराज जिंजीला असताना महाराष्ट्रातली मोगलांशी लढाई ज्यांनी सांभाळली, त्यांत हे पंत होते. आटलेली टाकी आणि सर्दावलेली दारू म्हणजे काय, ते त्यांना दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती.

मला मात्र सांगावं लागलं. मी ज्या कारखान्यात होतो तिथे इंग्रजी पुस्तिका आधी तयार व्हायची आणि मराठी तिच्यावरून. माझ्या सुरुवातीच्या एका पुस्तिकेत मी लिहिलं होतं: ‘स्टार्टरचे हिरवे बटण दाबा. तत्पूर्वी पंपात पाणी भरल्याची खात्री करा.’ इंग्रजीत अट वाक्याच्या शेवटी आली होती, मी ती तिथेच ठेवली. एका शेतकऱ्याच्या मुलाने विहिरीच्या काठावर उभं राहून पहिलं वाक्य मोठ्याने वाचलं. वडिलांनी बटण दाबलं. मुलाची नजर दुसऱ्या वाक्यावर जाईपर्यंत पंप कोरडा फिरला आणि सील जळलं. त्या काकांना दुरुस्तीचे पैसे भरावे लागले आणि पाण्याची पाळी हुकली ती हुकलीच. चूक माझ्या वाक्यातल्या क्रमाची होती. अजून मला ती बोचते.

त्यानंतर मी जुनी कागदपत्रं वेगळ्या नजरेने वाचू लागलो. मराठीची स्वतःची ठेवण या कामाला किती सोयीची आहे, ते तिथे दिसतं. ‘झाकण काढून, नरसाळ्याने पाणी भरून, बुडबुडे थांबेपर्यंत वाट पाहून, झाकण घट्ट करून मग बटण दाबावे.’ एकेक ‘ऊन’ म्हणजे एकेक पुरं झालेलं काम, आणि मुख्य क्रियापद शेवटी. हाताचा जो क्रम तोच वाक्याचा. दारू काढून, ऊन देऊन, मोहोर करून ठेवावी, ही आज्ञापत्राची चाल हीच आहे. आणि ते ‘करावे, ठेवावे, बांधावे’! त्यात हुकूम आहे पण दरडावणी नाही. हेच ‘वे’ 1910 साली लक्ष्मीबाई धुरंधरांच्या ‘गृहिणी-मित्र’ या पाककृतींच्या पुस्तकात चुलीपाशी बसलं आणि कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’पर्यंत आलं. ‘रुचिरा’ 1970 ची. तिच्यातलं वाटी-चमच्याचं माप हे मला आमच्या धंद्यातलं फार मोठं काम वाटतं. नव्या संसारात तराजू नसला तरी वाटी असतेच, हे त्या बाईंनी ओळखलं.

शब्दांचा प्रश्न याहून अवघड. रघुनाथपंत हणमंत्यांनी शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून राज्यव्यवहारकोश केला, त्यात कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. राज्य कुणाचं आहे ते दरबाराच्या भाषेत दिसावं म्हणून ते काम झालं आणि त्याचं मोल मोठं आहे. तरी चाळीसएक वर्षांनी अमात्य गडकऱ्यासाठी लिहायला बसतात, तेव्हा दारूखाना दारूखानाच राहतो आणि हवालदार हवालदारच. गडावरचा माणूस ज्या शब्दाने हाक मारतो तोच शब्द. 1960 साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश माझ्या टेबलावर कायम असत, त्यांनी मला पुष्कळदा हात दिला. पण सक्शन पाइपच्या तळाशी जो फूट व्हॉल्व्ह असतो, त्याला मी ‘पायझडप’ म्हटलं होतं. आमच्या भागातले शेतकरी त्याला फुटबॉल म्हणतात. दुकानात फुटबॉल मागतात, फुटबॉलमध्ये काडी अडकली म्हणतात.

जिच्यामुळे सील जळलं ती पुस्तिका मी पुन्हा लिहिली. छापायच्या आधी हाताने लिहिलेली चार पानं घेऊन त्याच विहिरीवर गेलो. काकांनी घरात नेऊन आधी चहा दिला. या वेळी वाचायला धाकटी मुलगी होती, सातवीतली. तिला मी एवढंच सांगितलं, की एक वाक्य वाचायचं आणि बाबांचं होईपर्यंत थांबायचं. झाकण निघालं. नरसाळं लागलं. काका कळशीने पाणी ओतत होते आणि ते नुसतं आत जात होतं, वर काही येईना. मुलीने माझ्याकडे पाहिलं. माझ्या कागदावर इथे पुढचं वाक्य ‘झाकण घट्ट करून’ होतं. काकाच म्हणाले, “फुटबॉल धरत नाहीये. काडी असंल.” त्यांनी पाइप हलवून आपटला, परत पाणी ओतलं, आणि तिसऱ्या कळशीला नरसाळ्यात पाणी उभं राहिलं, बुडबुडे येऊन थांबले.

मी खिशातलं पेन काढून दोन वाक्यांच्या मध्ये लिहिलं: ‘पाणी वर येत नसेल तर फुटबॉलमध्ये काडी-कचरा अडकला आहे का ते पाहावे.’ मुलीने ते वाचून दाखवलं. काका मान हलवून झाकण आवळू लागले.