पुसलेल्या भिंतीचा इतिहास

चित्रकलेचा इतिहास लिहिणाऱ्याला एक सोय असते : चित्र त्याच्यासाठी थांबून राहते. गायन हवेत विरते, नाटक पडद्याबरोबर संपते. चित्र मात्र देवळाच्या भिंतीवर, संग्रहालयात किंवा निदान एखाद्या धनिकाच्या दिवाणखान्यात अभ्यासकाची वाट पाहत असते. या सोयीची आपल्याला इतकी सवय झाली आहे की, ती नसेल तेव्हा कलेचा इतिहास कसा लिहावा, या प्रश्नाकडे आपल्या समीक्षेचे फारसे लक्ष गेलेले नाही. नलिनी मलानी यांच्या अर्धशतकाहून अधिक काळच्या कलाव्यवसायाचा मागोवा घेताना हा प्रश्न टाळता येत नाही.

१९९२ साली मुंबईत, जहांगीर कलादालनाच्या इमारतीत त्या वेळी असलेल्या केमोल्ड गॅलरीत, मलानी यांनी ‘सिटी ऑफ डिझायर्स’ हे प्रदर्शन मांडले. त्यासाठी त्यांनी गॅलरीच्या भिंतींवरच चित्रे काढली. नाथद्वाराची जुनी भित्तिचित्रे दुर्लक्षामुळे नाहीशी होत होती. त्या नाशाची आठवण या रेखाटनांमागे होती. प्रदर्शन थोडे दिवस चालले आणि संपल्यावर भिंतींना पांढरा रंग देण्यात आला. विकत घेण्याजोगे, घरी नेण्याजोगे त्या चित्रांतले काही उरले नाही. हा अपघात नव्हता. पुसले जाणे हा त्या कृतीचा अखेरचा आणि आवश्यक भाग होता. पुढे तर अशी भित्तिचित्रे प्रेक्षकांच्या समक्ष पुसण्याची क्रिया हाच त्यांच्या काही प्रदर्शनांतील एक स्वतंत्र प्रयोग झाला.

‘प्रयोग’ हा शब्द येथे मी हेतुपुरस्सर वापरला आहे. मराठीत तो दोन अर्थांनी रूढ आहे : नवे काही करून पाहणे हा एक, आणि रंगभूमीवर प्रत्यक्ष सादर करणे हा दुसरा. हे दोन अर्थ एकाच शब्दात नांदतात, हे मराठी समीक्षेचे भाग्य म्हटले पाहिजे. १८४३ साली सांगलीस विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ सादर केले, तेव्हा सूत्रधार पदे गाई आणि पात्रे आपापली भाषणे ऐन वेळी स्वतःच रचून बोलत. ती भाषणे लिहिलेली नव्हती. म्हणून ती आज आपल्यापाशी नाहीत. तरीही मराठी नाटकाचा इतिहास आपण त्या प्रयोगापासूनच मोजतो. संहिता पूर्णपणे उपलब्ध नसतानाही प्रयोगाला इतिहासात स्थान देण्याची रीत आपल्याकडे आहे. तीच दृष्टी चित्रकलेच्या क्षेत्रात नेता येते काय, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

मलानी यांचा जन्म १९४६ साली कराचीत झाला. फाळणीनंतर त्यांचे कुटुंब भारतात आले. प्रथम कलकत्ता आणि नंतर मुंबई असा त्यांचा प्रवास झाला. सर ज. जी. कलाशाळेत १९६४ ते १९६९ या काळात त्या शिकत होत्या. याच काळात काही वर्षे वॉर्डन रोडवरील भुलाभाई देसाई स्मारक संस्थेत त्यांची कामाची जागा होती. या संस्थेचा उल्लेख केवळ चरित्राच्या पूर्ततेसाठी करीत नाही. गायतोंडे आणि हुसेन यांच्यासारखे चित्रकार, पंडित रविशंकर यांची संगीतशाळा आणि नाटकवाली मंडळी या वास्तूच्या आश्रयाने वावरली होती. एका दालनात रंग वाळत आहेत आणि शेजारच्या दालनात तालीम चालली आहे, अशा वातावरणात वाढलेल्या विद्यार्थिनीला चित्र आणि नाट्य यांच्यामधली भिंत फारशी जाड वाटली नसल्यास नवल नाही.

१९६९ साली अकबर पदमसी यांनी जवाहरलाल नेहरू शिष्यवृत्तीच्या आधाराने मुंबईत ‘व्हिजन एक्सचेंज वर्कशॉप’ सुरू केले. चित्रकार, छायाचित्रकार, चित्रपट करणारे आणि इतर क्षेत्रांतील जिज्ञासू यांनी एकत्र येऊन काम करावे, हा त्यामागचा हेतू होता. तेथे तेवीस वर्षांच्या मलानी यांनी ‘ड्रीम हाउसेस’ हा लघुपट केला. पुठ्ठ्याची घरासारखी रचना करून, तिच्यावर रंगीत प्रकाश टाकून, एकेक चौकट टिपत तो तयार झाला. स्वातंत्र्योत्तर नगररचनेने सामान्य माणसाला दाखविलेल्या घराच्या स्वप्नाचा उजेड त्या रंगांत आहे.

खुद्द पदमसी यांच्या वाट्याला मात्र वेगळा अनुभव आला. त्यांचा ‘सिझिजी’ हा रेषांच्या गणिती रचनेवर आधारलेला लघुपट राहिला. ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’ या दुसऱ्या लघुपटाची एकच प्रत होती, ती हरवली. २०१६ साली आशिम अहलुवालिया यांनी त्याच नावाचा चित्रपट केला, तो या हरवलेल्या कृतीच्या आठवणीभोवतीच. येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. पदमसींची प्रत नाहीशी झाली. मलानींची भिंत पुसली गेली. पहिली गोष्ट घडली, दुसरी केली गेली. इतिहासकाराच्या हाती दोन्ही ठिकाणी रिकामी जागाच येते. पण पहिल्या ठिकाणी त्याने हळहळ व्यक्त करावी हे योग्य, दुसऱ्या ठिकाणी मात्र ती रिकामी जागाच त्याने वाचावयाची असते.

‘ड्रीम हाउसेस’चा पुढचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. १९७६ च्या सुमारास मलानी यांनी त्याला दुसऱ्या चित्रफितीची जोड दिली. ही चित्रफीत कृष्णधवल आहे : उंच इमारतीतून एक तरुणी खालच्या शहराकडे, त्यातल्या झोपड्यांकडे पाहते आहे. दोन्ही चित्रफिती शेजारी शेजारी दाखविल्या की ‘यूटोपिया’ ही कृती सिद्ध होते. जुन्या लघुपटातली एकही चौकट बदललेली नाही. बदलला आहे तो केवळ दाखविण्याचा प्रकार. १९६९ मध्ये जे आशेचे चित्र होते ते सात वर्षांनी आशाभंगाची एक बाजू झाले. यावरून असे म्हणता येईल की, चित्रपट दाखविणे ही येथे तयार कृतीची निव्वळ प्रसिद्धी उरत नाही. ते रचनेचेच एक अंग बनते.

रंगभूमीशी त्यांचा प्रत्यक्ष संबंध आला तो १९९० नंतर. जर्मन नाटककार हायनर म्युलर याच्या मीडियाविषयक संहितेवर अभिनेत्री अलकनंदा समर्थ यांच्या सहकार्याने त्यांनी काम केले आणि १९९३ साली मुंबईच्या मॅक्समुल्लर भवनात त्याचा प्रयोग झाला. मीडिया ही ग्रीक पुराणकथेतील परदेशी स्त्री. प्रियकरासाठी तिने स्वतःचा देश सोडला आणि त्यानेच तिला टाकले. जिचा देश सुटला आहे अशी नायिका निर्वासित कुटुंबातील चित्रकर्तीला जवळची वाटावी, हे स्वाभाविक होय. पुढे अनुराधा कपूर यांच्याबरोबर ब्रेख्तच्या ‘द जॉब’ या कथेवरील प्रयोग आला. मेलेल्या नवऱ्याची नोकरी टिकविण्यासाठी पुरुष म्हणून वावरणाऱ्या बाईची ती कथा आहे. या दोन्ही ठिकाणी चित्र हे नटाच्या पाठीमागचे नेपथ्य म्हणून आलेले नाही. चित्र, देह आणि शब्द यांना सारखाच अधिकार आहे.

या सर्व धाग्यांची वीण घट्ट झाली ती ‘रिमेंबरिंग टोबा टेक सिंग’ या कृतीत. मे १९९८ मध्ये पोखरण येथे अणुचाचण्या झाल्या आणि त्याच महिन्यात पाकिस्ताननेही चाचण्या केल्या. सआदत हसन मंटो यांच्या कथेतील बिशनसिंग दोन देशांच्या मधल्या, कोणाच्याच नसलेल्या जमिनीवर कोसळतो. मलानी यांनी त्या जमिनीलाच दालनाचे रूप दिले. जमिनीवर पत्र्याच्या बारा ट्रंका उघड्या ठेवलेल्या, प्रत्येकीत एकेक दूरचित्रवाणी संच; भोवतालच्या भिंतींवर अणुस्फोटाची दृश्ये; आणि समोरासमोरच्या भिंतींवर दोन स्त्रिया. त्या मधल्या मोकळ्या अंतरातून एकच साडी घडी घालू पाहतात. पत्र्याची ट्रंक म्हणजे काय, हे निर्वासितांच्या कोणत्याही घरात समजावून सांगावे लागत नाही. प्रेक्षक मात्र नेमका त्या दोन स्त्रियांच्या मध्ये उभा असतो; साडीची घडी पुरी होण्याच्या आड जणू तोच येतो.

ही कृती १९९९ साली मुंबईत दाखविली गेली ती तेव्हाच्या प्रिन्स ऑफ वेल्स वस्तुसंग्रहालयात. ही गोष्ट तपशील म्हणून सोडून देता येणार नाही. कलादालनात येणारा प्रेक्षक निवडक असतो. वस्तुसंग्रहालयात शाळेची मुले येतात, गावाकडून मुंबई पाहावयास आलेली कुटुंबे येतात. मूर्ती आणि शस्त्रे पाहता पाहता ती या अंधाऱ्या खोलीत शिरतात. तीच कृती अन्यत्र मांडली तर ट्रंका त्याच राहतील, पण प्रयोग तोच राहणार नाही.

२००१ च्या ‘ट्रान्सग्रेशन्स’पासून त्यांच्या कामात सावलीचा प्रवेश ठळकपणे झाला. मायलर या पारदर्शक पत्र्यांचे मोठे नळे करावयाचे, त्यांच्या आतल्या बाजूने काचचित्राच्या उलट्या पद्धतीने आकृती रंगवावयाच्या, ते नळे छताला टांगून संथपणे फिरवावयाचे आणि त्यांच्यातून प्रकाश भिंतींवर टाकावयाचा, अशी ही योजना. २०१२ साली जर्मनीतील कासेल येथील डॉक्युमेंटा प्रदर्शनात मांडलेल्या ‘इन सर्च ऑफ व्हॅनिश्ड ब्लड’ या कृतीत असे पाच नळे आणि सहा चित्रप्रक्षेपणे होती. तिचे नाव फैज यांच्या कवितेवरून घेतले आहे. क्रिस्टा वोल्फ यांची कॅसान्ड्रा आणि महाश्वेतादेवींची द्रौपदी या दोघींचे आवाज तिच्यात मिसळतात. उर्दू, जर्मन आणि बंगाली साहित्य असे एका खोलीत भेटते. नळे फिरत राहतात, आकृत्या एकमेकींवरून सरकतात, आत आलेल्या प्रेक्षकाची सावलीही त्यांत मिळते. दोन प्रेक्षकांनी पाहिलेले चित्र येथे तंतोतंत एक असूच शकत नाही.

मराठी वाचकाला या ठिकाणी पिंगुळीच्या ठाकरांचे चित्रकथी आणि चामड्याच्या बाहुल्यांचे खेळ आठवतील. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांची ‘शांबरिक खरोलिका’ही आठवेल. गेल्या शतकाच्याही आधी, १८९० नंतरच्या दशकात, काचेवर हाताने रंगविलेली चित्रे दिव्याने पडद्यावर पाडून, निवेदन आणि गाणी यांच्या साथीने पटवर्धन मंडळी खेळ करीत. मात्र या साम्यावरून घाईने वंशावळ जोडणे इष्ट नाही. चित्रकथी कथा पुढे नेतो. त्याच्या श्रोत्याला शेवट माहीत असतो आणि हवाही असतो. मलानींच्या खोलीत कथा फिरते, पण पोचत नाही. साम्य आहे ते इतिहासकाराच्या अडचणीत. पिंगुळीच्या पोथ्या आणि पटवर्धनांच्या काचा जपल्या गेल्या. पण काच म्हणजे खेळ नव्हे, याची जाणीव ती हातात धरणाऱ्या कोणालाही होते.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो वजनदार आहे. मलानींच्या कृती आज जगभरच्या संग्रहालयांनी घेतल्या आहेत. दिल्लीत किरण नाडर संग्रहालयाने २०१४ साली तीन टप्प्यांत, तर पॅरिसच्या पाँपिदू केंद्राने २०१७ साली त्यांच्या कार्याचे सिंहावलोकन करणारी प्रदर्शने भरविली. २०२३ साली क्योतो पारितोषिकही त्यांना मिळाले. मग नश्वरतेचे हे कौतुक कशासाठी? जे पुसले जाते असे आपण म्हणतो ते संग्रहालयांच्या कोठारात सुरक्षितच नाही काय?

याचे उत्तर नाटकाच्याच उदाहरणाने देता येईल. छापलेले नाटक कपाटात सुरक्षित असते. म्हणून प्रयोग सुरक्षित असतो असे आपण म्हणत नाही. कोठारात नळे आहेत, चित्रफिती आहेत, ट्रंका आहेत. ही सारी संहिता झाली. ती पुन्हा मांडली की नवा प्रयोग होतो, आणि त्याचा विचार नवा म्हणूनच झाला पाहिजे. केमोल्डच्या भिंतीची तर तेवढीही संहिता उरलेली नाही. म्हणून आक्षेप खोटा नाही, पण अपुरा आहे. संग्रहालय काय जपू शकते हे तो सांगतो. जे संग्रहालयाला जपता येत नाही ते जपण्याची जबाबदारी मग कोणाची, हे तो सांगत नाही.

ती जबाबदारी समीक्षेची आहे, असे मला वाटते. नाटकाचा जुना परीक्षणकार नाटकगृह, नटसंच, पदे, प्रेक्षकांची दाद यांची नोंद करी. पुढच्या पिढीला आज त्या नोंदींवाचून गती नाही. दृश्यकलेविषयी लिहिताना आपण आशय आणि शैली यांची चर्चा मनसोक्त करतो, पण खोली केवढी होती, प्रकाश कोठून येत होता, आवाज कोणत्या भाषेत होता, लोक किती वेळ थांबत होते, भिंत कधी आणि कोणी पुसली, हे लिहून ठेवणे आपल्याला दुय्यम वाटते. त्याचा परिणाम असा होतो की, जे विकले गेले आणि टिकले त्याचाच इतिहास बनतो. जे न विकले जाण्याच्या हट्टाने निर्माण झाले ते इतिहासाबाहेर राहते. बाजाराने केलेली निवड मग कलेने केलेली निवड म्हणून मिरविते.

१९९२ ची ती भिंत आता नाही. केमोल्ड गॅलरीही त्या इमारतीतून केव्हाच हलली आहे. नाथद्वाराच्या भित्तिचित्रांसाठी काढलेली ती रेखाटने, ज्यांच्याविषयी होती त्यांच्याच वाटेने गेली. चित्रकर्तीने पुसण्याचे आपले काम पुरे केले आहे. आठवण ठेवण्याचे काम तिने इतरांवर सोपविले, आणि ते अद्याप अपुरे आहे.