पहिली झोप, दुसरी झोप

आमच्या घरी रात्री दोनच्या सुमारास एक दिवा लागतो. तो आईच्या खोलीतला. नऊ वाजता ती अंथरुणाला पाठ टेकते, चार-पाच तास गाढ झोपते आणि मग उठून बसते. पाणी पिते, जपमाळ ओढते, कधी सकाळच्या भाजीसाठी लसूण सोलून ठेवते. आणि तासा-दीड तासाने पुन्हा पडते ती उजाडेपर्यंत. "आई, झोप नाही का लागली?" असे विचारले की तिचे उत्तर ठरलेले. "लागली होती की रे. पहिली झोप झाली माझी."

आम्ही घरच्यांनी हा आजार ठरवून टाकला होता. गोष्ट झोपेच्या गोळ्यांपर्यंत गेली होती. पुढे चाळिशी ओलांडल्यावर मलाही तशीच मध्यरात्री जाग येऊ लागली. पण मी आईसारखा उठून बसत नसे. अंधारात घड्याळाकडे पाहून उजाडायला किती तास उरले याचा हिशेब करी, आणि त्या हिशेबानेच उरलीसुरली झोप पळून जाई.

अशा दिवसांत रॉजर एकर्च या अमेरिकन इतिहासकाराचे लेखन माझ्या वाचनात आले. २००१ साली त्यांनी या विषयावर एक प्रदीर्घ निबंध प्रसिद्ध केला आणि २००५ साली रात्रीच्या इतिहासावर एक ग्रंथच लिहिला. राजांचा आणि लढायांचा इतिहास आपण शाळेत शिकवतो; पण माणसाच्या आयुष्याचा तिसरा हिस्सा ज्या अंथरुणात जातो, त्याचाही इतिहास असतो हे मला तोवर सुचलेच नव्हते.

लंडनच्या सरकारी दप्तरखान्यात जुन्या न्यायालयीन जबान्या चाळताना एकर्च यांच्या हाती एक कागद लागला. तो १६९० च्या दशकातला. उत्तर इंग्लंडमधील एका खेड्यात राहणाऱ्या जेन राउथ नावाच्या नऊ वर्षांच्या मुलीची ती जबानी होती. रात्री तिची आई उठून शेकोटीपाशी चिलीम ओढत बसली होती. तेवढ्यात खिडकीपाशी दोन माणसे आली आणि त्यांनी तिला बाहेर बोलावले. निघताना आईने मुलीला सांगितले की, तू पडून राहा, मी सकाळी परत येते. ती परत आलीच नाही. पुढे तिचे प्रेत सापडले. खुनाचा छडा कधीच लागला नाही.

कोणाही वाचणाऱ्याचे लक्ष त्या खुनाकडेच जायचे. एकर्च यांचे लक्ष मात्र दोन साध्या शब्दांवर खिळले. आई उठली ती 'पहिली झोप' झाल्यावर, असे ती पोर सांगत होती. 'पहिली झोप' म्हणजे काय, याचा खुलासा तिने केला नव्हता आणि तिला कोणी विचारलाही नव्हता. ज्या गोष्टीचा खुलासा कोणी मागत नाही, ती गोष्ट त्या काळी सर्वांच्या परिचयाची असली पाहिजे!

मग शोध सुरू झाला. इंग्रजीत, फ्रेंचमध्ये, इटालियनमध्ये. रोजनिशांत, वैद्यकाच्या पुस्तकांत, प्रार्थनापोथ्यांत आणि काव्यांत. चौदाव्या शतकातील चॉसरच्या कथाकाव्यात एक राजकन्या पहिली झोप आटोपून उठते. त्याच्याही कितीतरी आधी, व्हर्जिलच्या लॅटिन महाकाव्यात हा शब्दप्रयोग आहे. असे शेकडो उल्लेख जमले आणि त्यांतून एक चित्र उभे राहिले. पश्चिम युरोपात लोक रात्रीच्या पहिल्या भागात काही तास झोपत, मध्यरात्रीच्या मागेपुढे आपसूक जागे होत, तासभर किंवा थोडे अधिक जागत आणि नंतर सकाळपर्यंत 'दुसरी झोप' घेत.

या मधल्या तासात ती माणसे काय करीत? कोणी चूल सारखी करी, कोणी गुरांकडे एक फेरी मारून येई. नवराबायको दिवसभरात न झालेले बोलणे बोलत. नुकतेच पडलेले स्वप्न आठवीत कोणी नुसतेच पडून राही. या वेळेसाठी म्हणून वेगळ्या प्रार्थना रचलेल्या होत्या. ख्रिस्ती मठांतून तर हे नियमानेच चाले. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने घालून दिलेल्या नियमांप्रमाणे हिवाळ्यात साधूंनी रात्रीच्या आठव्या प्रहरघटकेला, म्हणजे आपल्या घड्याळात सुमारे दोन वाजता, उपासनेसाठी उठायचे असे.

हे जमत होते, कारण रात्र लांब होती. डिसेंबरात लंडनची रात्र सोळा तासांची असते. मेणबत्ती महाग, आणि गरिबाघरी चरबीत बुडवलेल्या लव्हाळ्याचा मिणमिणता उजेड. इतक्या लांब काळोखात आठ तासांची झोप सैलसर पसरून दोन ठिकाणी ठेवायला भरपूर जागा होती.

ती जागा उजेडाने खाल्ली. १६६७ साली पॅरिसच्या रस्त्यांवर कंदील टांगले गेले. १८०७ साली लंडनच्या पॅल मॅल रस्त्यावर गॅसचे दिवे लागले. १८७९ साली एडिसनने आपला विजेचा दिवा पेटवून दाखवला. आधी शहरांतले श्रीमंत रात्री उशिरापर्यंत जागू लागले, मागाहून इतरेजन. दुसऱ्या टोकाला कारखान्याचा भोंगा सकाळी उठवायला उभाच होता. दोन्हींकडून रात्र आवळत गेली आणि दोन झोपा एकमेकींना चिकटून त्यांची एक झाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काही दशकांत तो शब्दप्रयोगही लोकांच्या स्मरणातून गेला. जाग मात्र काहींना येतच राहिली; पण तिला आता घरात जागा नव्हती. ती दुखण्यांच्या यादीत जाऊन बसली.

शास्त्रज्ञांनीही हे पडताळून पाहिले. १९९० च्या सुमारास थॉमस वेर या अमेरिकन संशोधकाने काही निरोगी माणसांना महिनाभर रोज चौदा तास अंधारात ठेवले. चौथ्या आठवड्यापर्यंत त्यांची झोप आपोआप दोन तुकड्यांत विभागली आणि मधल्या जागेपणी ती मंडळी शांत असत. पण हे प्रमाण सगळ्या मानवजातीला लावता येत नाही. २०१५ साली टांझानिया, नामिबिया आणि बोलिव्हिया येथील तीन वनवासी जमातींचा अभ्यास झाला. विजेचा दिवा नसूनही त्यांची रात्रीची झोप एकसंधच आढळली. विषुववृत्ताच्या आसपासची रात्र मुळात उत्तर युरोपाइतकी लांब नसते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. आईच्या तोंडच्या 'पहिली झोप' या शब्दांवरून आपले पूर्वजही असेच झोपत, असे अनुमान काढण्याचा मोह मी म्हणूनच आवरला.

दुसरा मोह मात्र आवरला नाही. मे महिन्याच्या सुट्टीत मी हा प्रयोग स्वतःवर केला. नऊला निजायचे, एकच्या गजराने उठायचे, तीनपर्यंत कादंबरी लिहायची, पुन्हा सातपर्यंत झोपायचे. बेत नामी होता. पण शेजारच्या लग्नाच्या वाजंत्रीने अकरापर्यंत डोळा लागू दिला नाही, आणि गजराला त्याची दयामाया नव्हती. चौथ्या दिवशी भर दुपारी, पाहुण्यांच्या देखत, मी बसल्या जागी घोरू लागलो. त्या चार रात्रींत लिहिलेली पाने फाडावी लागली ती वेगळीच.

तेव्हा उमगले. मला झोप नको होती, वेळ हवा होता. अमेरिकन कल्पक बकमिन्स्टर फुलर याने दर सहा तासांनी अर्धा तास, म्हणजे दिवसाकाठी अवघे दोन तास झोपण्याचा उद्योग केला होता. त्याची हकीकत १९४३ साली छापून आली. त्याचे भागीदार चारचौघांसारखे झोपत, म्हणून त्याला तो सोडावा लागला. आजही असली वेळापत्रके करणारे पुष्कळ आहेत. २०२१ साली तज्ज्ञांच्या एका मंडळाने या वेळापत्रकांचा पुरावा तपासला आणि ती करू नयेत असा निर्वाळा दिला. शेकोटीपाशी बसलेल्या त्या बाईने झोपेतून काही वाचवले नव्हते. तिला कोणी गजर लावून उठवलेही नव्हते. तिची झोप पुरी होती. फक्त दोन वेळा वाढलेली होती.

ज्याला दिवसा ग्लानी येते, ज्याचा घोरताना श्वास अडकतो, त्याने वैद्याकडे जावेच. इतिहास हे काही औषध नव्हे. पण इतिहासाने माझी भीती गेली. आता जाग आली की मी घड्याळ पाहत नाही. आईच्या खोलीत दिवा असला तर तिच्यापाशी जाऊन बसतो. ती माझ्यापुढे लसणाचा गड्डा सरकवते. दिवसा चार माणसांत कधी न निघालेल्या गोष्टी त्या वेळी निघतात : तिच्या माहेरची विहीर, वडिलांची पहिली नोकरी, माझ्याआधी गेलेले एक मूल. त्या मुलाविषयी तिने मला या वयात, रात्री अडीच वाजता, प्रथम सांगितले.

मग ती म्हणते, "जा आता, नीज." आणि मी जातो. झोप लागते.