विवाह आणि सरकारी सेवा

स्त्रीने विद्या संपादन केली, स्पर्धेच्या परीक्षेत ती पुरुषांच्या बरोबरीने उत्तीर्ण झाली, तरी विवाह होताच तिची योग्यता लोप पावते काय? या प्रश्नाला भारताच्या राज्यघटनेने एक उत्तर दिले. सरकारी सेवानियमांनी मात्र दीर्घकाळ दुसरेच दिले.

सुरतेत ३ जुलै १८९७ रोजी जन्मलेल्या हंसाबेन मेहता घटना समितीच्या मूलभूत हक्क उपसमितीच्या सभासद होत्या. १९३७ साली मुंबई विधिमंडळाच्या निवडणुकीत त्यांनी राखीव जागा नाकारली होती. सवलत नको, समान न्याय हवा, ही त्यांची भूमिका. सरकारी नोकरीत लिंगभेदावरून कोणाही नागरिकास अपात्र ठरविता येणार नाही, असे सांगणारे १६ वे कलम २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आले.

१९४९ साली विवाहित हंसाबेन बडोदे विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. त्याच वर्षी परराष्ट्र सेवेत दाखल झालेल्या सी. बी. मुथम्मा यांच्याकडून मात्र, विवाह केल्यास राजीनामा देईन, असे लेखी वचन घेण्यात आले. राज्यघटना आल्यावरही ही वृत्ती पालटली नाही. १९५४ च्या प्रशासन सेवेच्या नियमांत विवाहित स्त्रीला नेमणुकीचा हक्क नव्हता. सेवेत असता तिने विवाह केल्यास, कार्यक्षमतेसाठी तिचा राजीनामा मागण्याची मुभा सरकारला होती. परराष्ट्र सेवेच्या १९६१ च्या नियमांनी तर विवाहापूर्वी सरकारची लेखी परवानगी आवश्यक ठरविली. ब्रिटनने आपल्या देशांतर्गत मुलकी सेवेतून असे बंधन १९४६ मध्येच काढले होते. परराष्ट्र सेवेत ते तेथेही १९७३ पर्यंत टिकले.

बढती नाकारली गेल्यावर मुथम्मांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. सुनावणीपूर्वी त्यांना बढती मिळाली आणि हे नियम रद्द झाले वा होत आहेत, असे सरकारने सांगितले. त्यामुळे १७ सप्टेंबर १९७९ रोजी अर्ज निकाली निघाला. तथापि न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी नेमके मर्मावर बोट ठेवले: संसाराची जबाबदारी कामाच्या आड येत असेल, तर ती पुरुषाच्याही आड येऊ शकते. सर्व सेवानियमांतून असा भेद काढून टाकण्यास त्यांनी सरकारला बजावले.

नियमांनी उघड बंदी कोठेच लिहिली नव्हती. कार्यक्षमतेच्या नावाखाली ती वावरत होती. घटनेतील समतेचा शब्द कचेरीतील नियमापर्यंत पोहोचण्यास जवळजवळ ३० वर्षे लागली, आणि तोही एका स्त्रीने न्यायालयाची पायरी चढल्यावर.